बर्फाबाहेर राहिलेल्या तीन नळ्या

‘अमेरिकेतल्या लॅबमधले अनुभव लिही’ असं संपादिकाबाईंनी सांगितलं तेव्हाच मला कळलं, तुम्ही काय वाचायच्या तयारीत बसणार ते. दिग्रससारख्या गावातला मुलगा, जिल्हा परिषदेची शाळा, कंदिलाखाली अभ्यास, मग विमान, पांढरा कोट, आणि शेवटून दुसऱ्या पानावर एक शोध. शोध लागल्यावर आईला फोन. तर सॉरी. आमच्याकडे लाईट होती. जायची, पण होती. पांढरा कोट मी फारसा घातलाच नाही, त्याच्या बाह्या फ्रीझरच्या दारात अडकतात. आणि शोधाचं म्हणाल तर माझ्या हातून एक शोध लागला होता. चार महिने टिकला. तो खोटा होता, आणि हे फक्त मला माहीत होतं.

सध्या मी सांता क्लाराला फोनवर बसतो. आमची कंपनी लॅबवाल्यांना लागणारी किट विकते. किट चाललं नाही की माणूस चिडून फोन करतो, आणि तो फोन मी उचलतो. नाना नमुने भेटतात. एका प्रोफेसरांनी एकच बाटली नऊ वेळा गोठवली, नऊ वेळा वितळवली आणि दहाव्या वेळी आमचा माल फालतू आहे म्हणून अर्धा तास ऐकवलं. एक बाई दर महिन्याला नवीन नाव सांगून तेच गाऱ्हाणं करतात. त्यांना वाटतं मी ओळखत नाही. अहो, आवाज ओळखणं हा लहानपणापासूनचा माझा धंदा आहे. सगळ्यांना माझा पहिला प्रश्न ठरलेला: नळ्या बर्फावर ठेवल्या होत्या का? सगळे ‘हो’ म्हणतात. चटकन म्हणतात. मीही तसंच चटकन म्हटलं होतं.

आता थोडं शास्त्र सांगतो. घाबरू नका, मलाही ते एस.टी. स्टँडवरच कळलंय.

पेशीच्या आत जीन्स असतात, म्हणजे काय काय बनवायचं त्याची लिहून ठेवलेली पुस्तकं. ती वाचून नक्कल काढणारं एक मोठं मशीन असतं. आमच्या दिग्रसच्या स्टँडवर पुसद गाडी फलाटाला लागलेली असायची, ड्रायव्हर चढलेला, इंजिन घुरघुरतंय, लोक खिडकीतून ओरडतायत, पण गाडी हलायची नाही. का? तर कंट्रोलरसाहेबांची लॉगशीटवर सही व्हायची होती. सही झाली की गाडी सुटली. जीन वाचणारं मशीनही असंच पुस्तकाच्या पहिल्या पानाजवळ चालू इंजिनाने उभं असतं. त्याला एक लांब शेपटी असते. कायनेज नावाचं एक एन्झाइम येतं आणि त्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतं. ही झाली सही. मग मशीन पुढे सरकतं, जीन वाचली जाते.

काही कॅन्सरमध्ये पेशी या सहीवर जगतात. कंट्रोलर डोकं फिरल्यासारखा सह्या करतोय आणि गाड्या सुटतच आहेत. त्या कंट्रोलरचा हात धरणारं औषध शोधायचं, हे माझ्या तेव्हाच्या कंपनीत आमच्या ग्रुपचं काम होतं.

सही पुसणारेही असतात. पेशीत दुसरी एन्झाइम्स असतात, ती फॉस्फेट काढून टाकतात. एरवी हे लोक आपापल्या जागी असतात. पण तपासायला म्हणून आपण पेशी फोडली की सगळेच मोकळे सुटतात, आणि उबेत मिनिटामिनिटाला सह्या पुसत जातात. म्हणून पेशी फोडताना दोन गोष्टी करायच्या. पुसणाऱ्यांना आवरणारं एक द्रव्य टाकायचं, आणि नळी ताबडतोब बर्फात खोचायची. यातलं काही चुकलं तर पुढे शेपटी कोरी दिसते, आणि तुम्हाला वाटतं कंट्रोलरने सही केलीच नव्हती. लॉगशीट ओली झाली आणि शाई गेली, एवढंच झालेलं असतं.

एवढं लक्षात ठेवा. बाकीचं शास्त्र विसरलात तरी चालेल.

ही गोष्ट बॉथेलची, सिएटलच्या बाहेरची. पंचवीस-तीस माणसांची बायोटेक कंपनी. आमच्या ग्रुपच्या प्रमुख होत्या नलिनीकाकू. नागपूरच्या. लॅबमध्ये त्या डॉक्टर होत्या, लॅबच्या दाराबाहेर काकू. या एका कायनेजवर त्यांची वीस वर्षं गेली होती. दोन कंपन्या त्यांच्या पायाखालून बंद पडल्या होत्या, ही तिसरी. वय छप्पन्न. त्या स्वतःच म्हणायच्या, चौथी कोणी देत नाही रे आता.

माझ्या व्हिसाचे कागद त्यांनी करवून घेतले होते. पहिल्या महिन्यात मी त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहिलो. त्यांचा मुलगा मराठीत विचारलं की इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचा, त्यामुळे काकूंची सगळी वऱ्हाडी खरवड माझ्या वाट्याला यायची. लॅबमध्ये चालता चालता, पाठमोऱ्या असतानाही, त्या एक वाक्य टाकत जायच्या: “ठेवलं का रे बाप्पा बर्फावर?” दिवसातून दहा वेळा. आमचा टेक्निशियन टायलर, सहा फुटी गोरा पोरगा, त्यालाही मराठीतच. त्याला पहिल्या आठवड्यातच अर्थ कळला.

मी नकला करतो हे सगळ्यांना माहीत होतं. शाळेत असताना स्टँडवरच्या लाउडस्पीकरचा आवाज काढून मी एकदा अख्खी वरात चुकीच्या फलाटावर नेली होती. अमेरिकेत माझा हुकमी आयटम म्हणजे काकू. नाकातून, थोडं वर चढत जाणारं, शेवटी ‘बर्फावर’चा ‘वर’ तोडलेला. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी तो स्टेजवर केला तेव्हा काकू पहिल्या रांगेत होत्या. साडीचा पदर तोंडाला लावून हसत होत्या. नंतर म्हणाल्या, मी इतकी नाकात बोलते होय, आणि पुन्हा करून दाखवायला लावलं.

२००७चा जून. आमच्या हाती औषधाचा एक उमेदवार होता, सतरा नंबर. नुसतं कायनेज काचेच्या नळीत घेतलं तर सतरा नंबर त्याचा हात झक्क धरायचा. प्रश्न होता, जिवंत पेशीत धरतो का? त्याच्या मागे अजून एक होता, एकतीस नंबर. नळीत थोडा कच्चा, पण काकूंना आतून वाटायचं की पेशीच्या आवरणातून तो जास्त सहज शिरेल. दोन्ही तपासायला वेळ नव्हता. ऑक्टोबरात बोर्ड बसणार होतं, आणि दोन ग्रुपपैकी एकच चालू ठेवायचा असं आधीच ठरलेलं होतं. म्हणून आधी सतरा. तो पडला तर लगेच एकतीस.

तो शुक्रवार होता. माझ्यापुढे सहा बशा. तीन साध्या पेशींच्या, तीन सतरा नंबर पाजलेल्या. साध्या तीन फोडल्या, द्रव्य टाकलं, नळ्या बर्फात. औषधाच्या तीन फोडल्या, नळ्यांत भरल्या, आणि द्रव्याची कुपी संपली. नवी आतल्या फ्रीझरमध्ये होती. बर्फाची बादली सिंकपाशी होती, पाच पावलांवर. तेवढ्यात दारात टायलर आला. ब्रेकरूममध्ये कोणाचा तरी वाढदिवस होता, केक कापायचा होता, आणि काकू मीटिंगला गेल्या होत्या, म्हणजे मैदान मोकळं होतं. दोनच मिनिटं, काकू कर आणि परत ये, म्हणाला.

मी तीन नळ्या रॅकमध्ये उभ्या ठेवल्या आणि गेलो. पाच पावलं नाही टाकली.

त्या दिवशी आयटम फार रंगला. मी केक कापणाऱ्याला विचारलं, ठेवलं का रे बाप्पा बर्फावर. कॉफी मशीनला विचारलं. सी.ई.ओ. पाणी प्यायला आले, त्यांना विचारलं. चार लोक भिंतीला टेकून हसत होते. मग फर्माईश झाली, पुन्हा कर. परत आलो तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. लॅबमध्ये जूनचं ऊन आलेलं. नळ्या हाताला कोमट लागल्या.

तेव्हा त्या फेकायला हव्या होत्या. सोमवारी नवीन पेशी वाढवायला लागल्या असत्या, आठवडा गेला असता, काकूंनी पाच मिनिटं झापलं असतं. बस, एवढंच होतं. मी कुपी आणली, द्रव्य टाकलं, तिन्ही नळ्या बर्फात खोचल्या आणि वहीत लिहिलं, ‘सहाही नळ्या लगेच बर्फावर.’ अक्षर माझं चांगलं आहे. शाळेत बक्षीस मिळालंय.

सही दिसते कशी, तर शेवटी एका फिल्मवर काळी पट्टी उमटते. मंगळवारी फिल्म धुतली. साध्या पेशींत तीन काळ्याभोर पट्ट्या. औषधाच्या पेशींत तिन्ही जागा पांढऱ्या, अगदी कोऱ्या. काकूंनी फिल्म खिडकीशी धरली. मग खुर्ची ओढून बसल्या. मी त्यांना कामाच्या वेळेत बसलेलं क्वचित पाहिलंय. दुसऱ्या दिवशी डबाभर सांज्याच्या पोळ्या आल्या. फिल्मची कॉपी त्यांच्या टेबलावर पिनने टोचली गेली.

मला त्या खिडकीपाशीच कळलं होतं. इतकं पांढरं काही नसतं. औषधाने झालं असतं तर पुसटशी तरी पट्टी राहिली असती. मी स्वतःला म्हटलं, घाई नको. गुपचूप पुन्हा करू, सगळं बर्फावर ठेवून, आणि तसंच आलं तर झालंच काम. पुन्हा केलं. सहाही पट्ट्या काळ्या. सतरा नंबर पेशीत काहीही करत नव्हता.

पुन्हा करून पाहिलंस का, असं काकूंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, पट्टी उमटवणारी अँटिबॉडी जुनी होती बहुतेक, प्रयोग बिघडला. एक खोटं वहीत होतं, हे दुसरं. खरं सांगायला मी रोज सकाळी पार्किंगमध्ये वाक्य तयार करायचो. तयार केलेलं वाक्य काकूंच्या टेबलापर्यंत जाईपर्यंत त्याचा जोक व्हायचा. त्या हसायच्या, मी सुटायचो.

मग त्यांनी टायलरला करायला सांगितलं. त्याच्याही पट्ट्या काळ्या. काकूंनी त्याला सगळ्यांसमोर झापलं, गजूजवळ, म्हणजे माझ्याजवळ, उभा राहून शीक. तो खरंच शिकायला आला. वही-पेन घेऊन. मी कसा हात धरतो, किती सेकंदांत नळी बर्फात जाते, सगळं लिहून घेत होता. मी त्याला अगदी बरोबर दाखवलं, आणि त्याच्या पट्ट्या पुन्हा काळ्याच आल्या. तेव्हा तो मला हळूच म्हणाला की तुझ्यासारखे हात माझ्याकडे नाहीत, हे काम माझं नव्हेच. सप्टेंबरात त्याने नोकरी सोडली. जाताना मला मिठी मारली आणि एकदा काकूंचा आवाज काढायला लावला.

तो मी काढला, हे सांगायलाच हवं.

इकडे काकूंनी एकतीस नंबरला हातच लावला नाही. कशाला लावतील? सतरा चालत होता ना. त्याची कुपी फ्रीझरमध्ये खालच्या कप्प्यात, त्यांच्या हातच्या लेबलाखाली पडून होती. मी रोज ते दार उघडायचो.

ऑक्टोबरात बोर्डाने तो प्रयोग बाहेरच्या एका लॅबकडून करून घेतला होता. त्यांचा कागद मीटिंगमध्येच पुढे आला: पेशीत परिणाम शून्य. मी मागच्या खुर्चीत होतो. काकू उभ्या राहिल्या. त्यांनी बाहेरच्या लॅबची पद्धत विचारली, तापमान विचारलं, बर्फाचं विचारलं. मग आमची फिल्म पडद्यावर लावली आणि म्हणाल्या की हे ज्याने केलंय तो मुलगा माझ्या हाताखाली तयार झालाय, त्याच्या हातावर माझा माझ्या हाताइतका विश्वास आहे. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं नाही. विचारायची गरज आहे असं त्यांना वाटलंच नाही. पडद्यावर तीन पांढऱ्या जागा, एवढ्या मोठ्या कधी पाहिल्या नव्हत्या.

दोन दिवसांनी ग्रुप बंद झाल्याचं पत्र आलं. आमच्या सगळ्यांचीच गच्छंती. काकूंना महिनाअखेरीपर्यंत लॅब रिकामी करायची होती.

त्या पत्रानंतर सांगितलं मी. तोपर्यंत नाही. आता त्यात काही धोका उरला नव्हता ना, म्हणून जमलं. दुपारी त्यांच्या टेबलाशी उभा राहून वाढदिवस, कुपी, नक्कल, पंचवीस मिनिटं, वही, दुसरी फिल्म, टायलर, सगळं सांगितलं. काकू खोक्यांवर लेबलं चिकटवत होत्या. चिकटवत राहिल्या. सांगून झाल्यावर त्यांनी टेबलावरची फिल्मची कॉपी काढली, पिन डबीत टाकली आणि म्हणाल्या, उद्या फ्रीझर खाली करायचाय, लवकर ये.

रात्रभर मी वाट पाहिली की फोन करून झापतील. नाही आला.

सकाळी फ्रीझर उघडला. कंपनीचा माल म्हणून सगळं काही नष्ट करायचं होतं. काकू एकेक कुपी काढून नंबर वाचायच्या, मी यादीत खूण करायचो आणि लाल डब्यात टाकायचो. एकतीस आला. त्यांनी तो हातात धरला. कुपीवरचं बर्फ त्यांच्या अंगठ्याखाली वितळून मनगटापर्यंत ओघळलं. तेव्हा त्या बोलल्या. आवाज अजिबात नाकातला नव्हता.

“हा कदाचित पडला असता. कदाचित चालला असता. मला चार महिने होते, गजानन. चार महिन्यांत मी याचं काय ते पाहून घेतलं असतं. पडला असता तर पडला असता, मी काय पहिल्यांदा पडून राहिली का? पण मला माहीत झालं असतं. आता कधीच होणार नाही. वीस वर्षांनंतर तू मला हे दिलं.”

मी सॉरी म्हणालो बहुतेक. त्यांनी ऐकलं नाही.

“नळ्या बाहेर राहिल्या त्याचं मी काही म्हणून नाही राहिली. माझ्या हातून नाही राहिल्या का? दोनदा राहिल्या. फेकल्या, लिहून ठेवलं, पुन्हा केलं. तू वहीत खोटं लिहिलं. त्या पोराला मी तुझ्यापायी बोलली, सगळ्यांसमोर, आणि तू शेजारी उभा राहून त्याला शिकवून राहिला. तो आता आयुष्यभर म्हणेल की आपले हात खराब आहेत. फोन कर त्याला. आज कर. माझ्यासमोर कर.”

मी केला. उचलला नाही त्याने. मेसेज ठेवला. काकू ऐकत उभ्या होत्या. मेसेजमध्ये मी एक हलका जोक टाकला, सवयीने, आणि त्यांनी माझ्या हातातून फोन घेऊन बंद केला.

“पंचवीस मिनिटं तू माझा आवाज काढत होता ना तिकडे? काय म्हणत होता? सांग.”

मी यादीवर पुढची खूण करायला पेन टेकवलं.

“सांग नं.”

“ठेवलं का रे बाप्पा बर्फावर,” मी म्हणालो. माझ्याच आवाजात आलं ते, सपाट.

“जगाला विचारलं. कॉफीच्या मशीनला विचारलं म्हणे. स्वतःला एकदा नाही विचारलं.”

त्यांनी एकतीस नंबर माझ्या हातावर ठेवला. लाल डब्यात तूच टाक, म्हणाल्या. मी टाकला. आवाजसुद्धा झाला नाही, खाली कागदाचा लगदा होता. मग मला काही दिसेनासं झालं, यादीवर पाणी पडायला लागलं, मी बाहीने पुसलं तर शाई फिसकटली. काकू बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. स्टेजवरचा माणूस बघावा तशा.

“हे रडणं तुझं आहे,” त्या म्हणाल्या, “की हेही कोणाचं काढून राहिला?”